राजदंडाच्या मागे

“राजदंड मेजावर ठेवलास की लगेच उचलायच्या तयारीत राहा,” सभापती ओन्चिरी आरशात बघून डोक्यावरचा पांढऱ्या केसांचा टोप सारखा करत म्हणाले.

“लगेच उचलायचा, तर न्यायचा कशाला साहेब?” बोसिबोरी म्हणाली. “इथंच गुंडाळून ठेवते की.”

“तोंड फार चालतं तुझं.”

“पायही चालतात. म्हणून तर नोकरी टिकली.”

साहेब हसले नाहीत. बोसिबोरीने पांढरे हातमोजे चढवले, पितळी राजदंड खांद्यावर घेतला. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, विधानसभेत तिचं काम एवढंच: राजदंड घेऊन पुढे चालायचं, मागून सभापती. येताना तसं, जातानाही तसंच. राजदंड मेजावर असेल तर सभा, नसेल तर नुसती माणसांनी भरलेली खोली. राजदंडाच्या आधी सभापतीने सभागृह सोडलंय, असं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

आज काय शिजतंय ते तिला कळून चुकलं होतं. सत्राचा शेवटचा दिवस. केमुंतो नावाची सदस्य आरोग्यमंत्र्यांना विचारणार होती, की सरकारी दवाखान्यातला बाळंतपणाचा नवा विभाग बांधून झाला, खाटासुद्धा आल्या, मग दाराला कुलूप का? आज उत्तर आलं नाही, की प्रश्न सत्राबरोबरच मेला. उत्तर साऱ्या गावाला ठाऊक होतं. काउंटीचे प्रमुख असलेल्या गव्हर्नरसाहेबांना फीत राष्ट्राध्यक्षांच्याच हातून कापून घ्यायची होती, आणि राष्ट्राध्यक्षांना काही सवड होत नव्हती. तोवर बायांनी पोर पोटात धरून ठेवावं! बोसिबोरीच्या सुनेला, न्याबोकेला, नाही धरवलं. कुलपासमोरच्या पडवीत ती बाळंत झाली. पोर रडलंच नाही. आता ती पुन्हा पोटुशी होती, दिवस भरत आले होते.

प्रार्थना झाली. केमुंतो उठली. “मंत्रीमहाशय, किल्ली कुणाकडे आहे?”

मंत्री माटुंडुरा कोट सावरत उभे राहिले. “त्याची प्रक्रिया चालू आहे...”

“किल्लीला कसली प्रक्रिया? फिरवायची असते ती!”

गव्हर्नरच्या माणसांनी बाकं बडवायला सुरुवात केली. सभापती जणू त्याचीच वाट बघत होते. ताडकन उठले. “गोंधळामुळे सभा तहकूब!” आणि त्यांनी बोसिबोरीला मानेनं खुणावलं.

बोसिबोरी जागची हलली नाही.

बाकं बडवणारे हात एकेक करत थांबले.

“उचल,” सभापती दातांमधून पुटपुटले.

“गुडघा धरलाय साहेब. तोवर मंत्रीसाहेबांनी सांगून टाकावं. किल्लीचंच तर विचारलंय, वडिलार्जित जमिनीचं नाही.”

कुणीतरी फिसकन हसलं. सभापतींच्या टोपाखालून घाम निथळायला लागला. माटुंडुरांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा राजदंडाकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात सभापती चालू लागले. एकटेच, तिच्या अंगावरून. मंत्र्यांनी उघडलेलं तोंड मिटलं आणि ते त्यांच्या पाठोपाठ निघाले. मग बाकं बडवणारेही.

“अहो, राजदंड इथंय!” केमुंतो ओरडली. “सभा चालू आहे!”

दार आपटलं.

इतकी वर्षं बोसिबोरीला वाटत होतं, आपण पुढे चालतो म्हणून ते मागून येतात. ते मागून यायचे, कारण त्यांना तिकडेच जायचं असायचं.

“मावशी, नोकरी जाईल तुमची,” केमुंतो हळूच म्हणाली.

“जाईल तेव्हा जाईल. हा जागेवर नेऊन ठेवायचं काम अजून माझंच आहे.”

तिनं राजदंड खांद्यावर घेतला आणि रोजच्यासारखीच ताठ, संथ पावलं टाकत बाहेर पडली. मागे कुणी नव्हतं. अंगणातल्या गवतावर उत्तर ऐकायला आलेल्या बाया बसल्या होत्या. राजदंड दिसताच त्या रिवाजाप्रमाणे उठल्या. एक भरल्या दिवसांची बाई जमिनीवर हात टेकून उठू पाहत होती.

राजदंड घेऊन चालताना थांबायचं नसतं. बोसिबोरी थांबली. तिनं मानेनंच बसायची खूण केली आणि ती बाई पुन्हा गवतावर नीट बसेपर्यंत तिथंच उभी राहिली.