संदर्भ तेवढे तपासले

विद्यापीठाच्या ग्रंथपालबाईंना सगळे पाठीमागे 'उघडताई' म्हणत. कारण गेली दोन वर्षं त्या एकेका विभागाचे उंबरठे झिजवत होत्या आणि प्रत्येक प्राध्यापकाला एकच सांगत होत्या : तुमच्या लेखाचा शेवटचा मसुदा विद्यापीठाच्या खुल्या संग्रहात ठेवा, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येईल. प्राध्यापक चहा पाजत, मान डोलावत आणि बाईंची पाठ वळली की विसरून जात. तीनशे जणांपैकी अकरा जणांनी मसुदे दिले. त्यातही एकाने पाठवलेली फाइल उघडली तर ती मुलीच्या लग्नातल्या पाहुण्यांची यादी निघाली.

त्या दुपारी काउंटरसमोर एक सुईण येऊन उभी राहिली. साठीची, पायात रबरी चपला, प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेली एक वही. बॅटरीच्या कारखान्यामागच्या वस्तीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली.

"बाई, मला हे वाचायचंय," म्हणत तिने चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठीवर एका लेखाचं लांबलचक नाव होतं. "तीन वर्षांपूर्वी तुमचे सर वस्तीत आले होते. पोरांच्या रक्तात शिसं किती ते बघायला. आया सुई टोचू देईनात. मीच एकेकीला समजावलं, पोरांना मांडीवर धरलं, बाटल्यांवर नंबर घातले. सर म्हणाले, निकाल कळवू. अजून कळवतायत!"

"मग आज कशी आठवण झाली?"

"उद्या अकराला नगरपालिकेत सुनावणी आहे. कारखान्याला परवाना वाढवून हवाय. साहेब म्हणतात, पोरं आजारी पडतात हे नुसतं तोंडी चालणार नाही, रीतसर पुरावा आणा. सुनेने मोबाइलवर शोधलं तर हे सापडलं. पण पुढे दाबलं की पैसे मागतं. माझ्या मांडीवरच्या पोरांचं रक्त, आणि ते बघायला मीच पैसे भरू?"

उघडताईंनी लेख शोधला. कुलूप! लेख ज्यात छापला होता त्या जर्नलची वर्गणी परवडत नाही म्हणून ग्रंथालयानेच ती गेल्या वर्षी बंद केलेली. म्हणजे विद्यापीठाचं संशोधन विद्यापीठालाच वाचता येत नव्हतं. आणि शीर्षकाखाली लेखकाचं नाव वाचलं तशी बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेखक त्यांचा सख्खा मोठा भाऊ होता.

"चला मावशी," त्या म्हणाल्या आणि तरातरा रसायनशास्त्राच्या इमारतीकडे निघाल्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दादा उत्तरपत्रिकांच्या ढिगाआड बसले होते. सुईणीला पाहून ते हसत उठले, खुर्ची पुढे केली. माणूस वाईट नव्हता हो, तेच तर दुखणं होतं.

"सर, निकालाचं काय झालं?" सुईणीने उभ्यानेच विचारलं.

"छापून आला की! आठ महिने झाले. फार मोठ्या जर्नलमध्ये आलाय, मावशी."

"छापून आला म्हणजे कळला का यांना?" उघडताई कडाडल्या. "रक्त यांच्या पोरांचं, पगार विद्यापीठाचा, मेहनत तुझी, आणि किल्ली भलत्याच्याच खिशात! दादा, काही वाटतं का रे तुला?"

"बेबी, हळू बोल." पन्नाशी उलटली तरी दादांच्या लेखी ती बेबीच. "छापील प्रत आहे माझ्याकडे. पण सगळे हक्क त्यांना लिहून दिलेत, मला वाटता येत नाही."

"करार वाचलास?"

"करार कोण वाचतं?"

"मी वाचते! या प्रकाशकाच्या प्रत्येक करारात लिहिलेलं असतं, लेखकाला स्वतःचा शेवटचा मसुदा सहा महिन्यांनी विद्यापीठाच्या संग्रहात ठेवता येतो. दोन वर्षं घसा कोरडा करून गावभर हेच सांगतेय, आणि घरच्याच माणसाच्या कानात शिरलं नाही!"

"ठेवला असता गं. पण छापून आलं की मी जुन्या फाइली पुसून टाकतो."

"धन्य आहेस बाबा!" बाईंनी कपाळाला हात लावला. उद्या अकरा वाजता मावशी काय दाखवणार होती? रिकामी पिशवी?

दादा डोकं खाजवत राहिले. मग एकदम म्हणाले, "अगं, तो मसुदा तुझ्याकडेच आला होता की. संदर्भ तपासायला. तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय मी कुठला लेख पाठवतो?"

उघडताईंना आठवलं. रविवार होता. डोळ्यांत तेल घालून त्यांनी ब्याण्णव संदर्भ तपासले होते, एक साल चुकलेलं सापडलं म्हणून दादांना फोनवर झापलंही होतं. मधली पानं मात्र त्यांनी भराभर उलटली होती. काय लेख आहे, कुणाचं रक्त आहे, हे बघायची गरजच वाटली नव्हती.

तिघंही ग्रंथालयात आली आणि बाईंनी मेल उघडली. फाइल होती. दादांनी संमतिपत्रावर उभ्याउभ्या सही केली, लेख खुल्या संग्रहात चढला, शिक्क्यासकट छापून निघाला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. वीस मिनिटांचं काम!

सुईणीने वही उघडली. कुठला नंबर कुठल्या पोराचा ते तिने त्यात लिहून ठेवलं होतं. "तुमच्या लेखातली भाषा मला येत नाही, आकडे येतात," ती म्हणाली. तिसऱ्या तक्त्यावर तिचं बोट सावकाश खाली सरकत गेलं आणि एका ओळीवर थांबलं.

"सतरा नंबर म्हणजे माझी नात. किती असायला हवं, सर?"

"पाचाच्या आत," दादा खाली मान घालून म्हणाले.

समोर एकतीस लिहिलं होतं.

"हे तुमच्याकडे कधीपासून आहे, बाई?"

दादा काहीतरी बोलणार होते. उघडताईंनी त्यांना हातानेच थांबवलं. "वर्ष होऊन गेलं, मावशी. माझ्याकडेच होतं. मी संदर्भ तेवढे तपासले, बाकी वाचलंच नाही."

"वर्षापूर्वी कळतं तर पोरीला माझ्या बहिणीकडे नेऊन ठेवलं असतं," सुईण म्हणाली. ती ओरडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. तिने कागद नीट घडी करून वहीत घातले, वही पिशवीत गुंडाळली.

"उद्या अकराला दोघंही या. साहेबांना समजावून सांगायला कुणीतरी लागेल."

"येतो," उघडताई म्हणाल्या.

दारापर्यंत गेलेली सुईण वळली. "या वेळी सगळं वाचून या, बाई."