रविवारी अजिंठा

मित्रांनो, मी तीन पुडांचा एक जुना स्टीलचा डबा आहे. दुकानदारानं माझ्या झाकणावर कोरलेलं 'तात्यासाहेब' हे नाव अजून वाचता येतं. कडी जरा ढिली झाली आहे, पण माझ्यातून वरण कधी सांडलं नाही, हे मी छाती फुगवून सांगतो.

तात्यासाहेब वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होते. अठ्ठावीस वर्षं मी त्यांच्याबरोबर कंपनीच्या बसनं गेलो. शहरातल्या उस्मानपुऱ्याच्या घरी त्यांच्या पत्नी सारजाबाई मला भरायच्या. कधी येताना तात्यासाहेब माझ्यात मटणाचा खलिया आणि फडक्यात नान बांधून आणायचे. तो लाल तवंग मला दोन दिवस सुटायचा नाही, आणि मला तो सुटायला नकोच असायचा.

इतकी वर्षं शहरात राहून दोघांनी अजिंठ्याची लेणी पाहिली नव्हती. "इथंच तर हाय, कधीबी जाऊ," तात्यासाहेब म्हणायचे. एकदा खरंच निघाले. एसटीनं पोचलो आणि कळलं, लेणी सोमवारी बंद असतात. तात्यासाहेबांची सुट्टी नेमकी सोमवारची. झाडाखाली बसून दोघांनी माझ्यातले धपाटे खाल्ले आणि आम्ही परत फिरलो. पुढे तात्यासाहेब गेले, आणि ते जाणं राहूनच गेलं.

सारजाबाई पुण्याला लेकीकडे, मंजुषाकडे राहायला आल्या. मला स्वयंपाकघराच्या माळ्यावर टाकलं. चार वर्षं कुणी हात लावला नाही. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

यंदाच्या थंडीत मंजुषानं जुन्या शहराकडे तीन दिवसांची सहल आखली. ती मोबाइलमध्ये बघून सांगत होती, "आई, शनिवारी संध्याकाळी पोचू, नान-खलिया खाऊ. रविवारी वेरूळ, सोमवारी अजिंठा."

सोमवार ऐकून माझं झाकण थरथरलं.

"सोमवारी अजिंठा बंद असतंय," सारजाबाई म्हणाल्या.

"मग ते पुढच्या वेळी बघू. तुझे गुडघे दुखतात, आणि तिथं लई पायऱ्या आहेत."

"पुढच्या वेळी, पुढच्या वेळी, हे मी लई वर्षं ऐकलं. आता गुडघे अजून किती दिवस साथ देतील? रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ. अन् तो डबा काढ खाली."

शनिवारी मी पुन्हा खलियानं लाल झालो. रविवारी पहाटे उठून सारजाबाईंनी मला घासलं आणि पुण्याहून करून आणलेले धपाटे भरले. लेण्यांत खायचं नेता येत नाही, म्हणून मला पायथ्याशी सामानघरात ठेवलं. डोलीवाले विचारायला आले. "नाय, मी चालणार," सारजाबाई म्हणाल्या आणि पायऱ्या चढू लागल्या.

तीन तास मी जिवाला घोर लावून बसलो. त्या वाटेतच बसल्या तर? गुडघा भरून आला तर?

त्या आल्या. मंजुषाचा हात धरून, एकेक पायरी मोजत. सामानघरातून मला सोडवलं, झाडाखाली बसल्या, मांडीवर घेतलं आणि पदरानं झाकणावरचं नाव पुसलं.

"बघितलं बरं का," त्या नावाला म्हणाल्या. "तुमच्याही वाटचं बघितलं."

मग त्यांनी कडी काढली आणि पहिला धपाटा झाकणावर ठेवला.

मित्रांनो, लेणी मी आजही पाहिलेली नाहीत, पण माझी तक्रार नाही. एवढंच मागतो, घरातला जुना डबा माळ्यावर टाकू नका. आणि तुमच्या घरात कुणी "कधीही जाऊ" म्हणत असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि आजच वार ठरवा. फक्त सोमवार सोडून.