जुळ्यांचं ताट

“वहिनी, भाकरी आणलीय. मांडा लवकर, वारा सुटलाय,” लाम्पोन तांडेल उंबऱ्यातूनच म्हणाला. मागे गल्लीत त्याचे खलाशी गाठोडी घेऊन उभे होते. त्यांच्यात माझा मुलगा थेओनही होता.

मी ताटात कांद्याची पात ठेवत होते. जुळ्या देवांचं, कास्तोर आणि पोलिदेउकेस यांचं ताट मी रोज संध्याकाळी वाढते. चीज, ऑलिव्ह, जवाची भाकरी, दोन पेले. मग दार उघडं ठेवून त्यांना ‘या’ म्हणायचं. गिथिऑन बंदरातून वसंतातली पहिली फेरी निघण्याआधी तांडेलाची भाकरीही या ताटात पडावी लागते. तोवर एकही खलाशी जहाजावर पाय ठेवत नाही. सासूबाईंच्याही आधीपासून हा मान आमच्या घराकडे आहे.

भाकरी मी हातात घेतली नाही.

“डोलकाठी नवी घातलीत, भावोजी?”

“जुनीच. धट्टीकट्टी आहे अजून.”

“असणारच. जहाज बुडालंच नव्हतं.”

गेल्या शरदात मालेआच्या टोकाजवळ वादळात त्याच डोलकाठीच्या शेंड्यावर एक निळसर ज्योत दिसली. दोन दिसल्या तर जुळे तारायला आले. एकटी दिसली तर ती त्यांची बहीण हेलन. जहाज गेलंच म्हणून समजायचं. सगळे जहाजाला बांधलेल्या होडीत उतरले आणि तिचा दोर कापला. माझा दामिस, त्या फेरीला घरी राहिलेल्या थेओनचा जुळा भाऊ, तळात पाणी उपसत होता. जहाज नंतर किथेरा बेटाच्या वाळूत लागलेलं सापडलं. आत कुणी नव्हतं. तळ कोरडा होता; सगळं पाणी त्याने एकट्याने उपसून काढलं होतं.

तळ कोरडा. हे दोन शब्द मी हिवाळाभर चावते आहे.

“एकच ज्योत होती, वहिनी. सगळ्यांनी पाहिली. हेलनपुढे कुणाचं चालतं?” लाम्पोन म्हणाला. “थेओनला पोटच्या पोरासारखा सांभाळीन. तुम्ही देवाधर्माच्या. तुम्हाला राग शोभत नाही.”

माझा आवाज कधी चढत नाही. तेव्हाही चढला नाही. “कास्तोर मेला तेव्हा त्याचा अमर भाऊ त्याच्यासाठी मेलेल्यांत उतरला. तेवढं मी मागत नाही तुमच्याकडे. होडीत पाय टाकण्याआधी तळात एक हाक मारायला काय झालं होतं?”

“त्या वाऱ्यात ऐकू गेली नसती.”

“मारलीत का?”

मागून म्हातारा वल्हेकरी बातोन खाकरला. “नाही मारली, बाई. दोर मीच कापला. कुणीच नाही मारली.”

“चूप रे थेरड्या!” लाम्पोन ओरडला.

“देवांचं ताट चुकणार नाही,” मी म्हणाले. “तुमची भाकरी त्यात पडणार नाही. घेऊन जा.”

“एका बाईच्या हट्टापायी या सगळ्यांच्या चुली विझवणार?”

बातोनने गाठोडं खांद्यावर टाकलं. “तांडेल, भाकरी तुम्हीच खा. गरम आहे तोवर.” कुणीतरी फिसकन हसलं. एकेक करून सगळे घराकडे वळले. लाम्पोन शिव्या देत त्यांच्या मागे गेला.

थेओन तेवढा उरला. “मला विचारलंस?”

“नाही.”

“आता सगळं बंदर म्हणेल, आईच्या मागे लपला.”

“म्हणू दे.”

“मला त्या पाण्यावर जायचं होतं, आई. एकदाच. तो गेला तिथे.”

तो पाय आपटत किनाऱ्याकडे गेला.

अंधारून आलं. समुद्रावर जुळ्या देवांचे दोन तारे शेजारी शेजारी उगाच साळसूदपणे उभे होते. हात वर करून बोलवायचं, तर हात उठेनात. दोघेही होतात ना वर? मग त्या दिवशी बहिणीला एकटीला का पाठवलंत?

व्रत मोडलं नाही मी. पण “या, अन्न निवतंय,” असं म्हटलं ते लाम्पोनशी बोलले त्याच आवाजात. आणि ताटाकडे पाठ करून उंबऱ्यावर बसले.

बऱ्याच वेळाने थेओन आला. उंबऱ्याच्या दुसऱ्या टोकाला टेकला. आमच्या मध्ये एका माणसाची जागा राहिली. ती भरायला दोघांपैकी कुणीही सरकलं नाही.