शोकेसमधली किआंती

मित्रांनो, नेरूळच्या एका फ्लॅटमध्ये, टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये, जी काळपट हिरवी बाटली पाच वर्षे उभी होती, ती मी. लोक मला शोभेची वस्तू समजत. मी शोभेची नव्हते.

माझा जन्म इटलीतला. टस्कनी प्रांतातल्या एका टेकडीवर द्राक्षांचा चारशे वर्षांचा मळा होता. दगडी घर, घराखाली खोल तळघर आणि तिथे ओक लाकडाची पिंपे. मळ्याचे मालक ओर्लांदो यांनी १९८८ साली स्वतःच्या हाताने शेवटची तोडणी केली. पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. त्या द्राक्षांची लाल वाइन, जिला किआंती म्हणतात, दोन वर्षे पिंपात मुरली आणि मग माझ्यात भरली गेली. तळघरात आम्हाला आडवे ठेवत. आडवे ठेवले की बूच भिजत राहते आणि हवा आत शिरत नाही. अंधार, गारवा आणि शांतता. माझे सुखाचे दिवस तेवढेच.

१९९३ मध्ये ओर्लांदोंचा मुलगा रेन्झो मला घेऊन भारतात आला. शिरवण्याजवळच्या एका कारखान्यात त्याला पॅकिंगचे मशीन बसवायचे होते. तीन महिने श्यामसुंदर नावाचे सुपरवायझर त्याच्या बरोबरीने राबले, रोज आपल्या डब्यातली भाजी-पोळी त्याला देत राहिले. निघताना रेन्झोने मला त्यांच्या हाती दिले.

"आडवी ठेवा. थंड, अंधाऱ्या जागी. आणि दोन-तीन वर्षांत पिऊन टाका," तो इंग्रजीत म्हणाला.

मशीनच्या धडधडीत शब्द नीट ऐकू आले नाहीत. श्यामसुंदरांनी नुसती मान डोलावली.

घरी त्यांच्या पत्नी जयमालाबाईंनी मला पाहिले. "अहो, दारू आणलीत घरात?"

"दारू नाही गं, वाइन आहे. चारशे वर्षांचा मळा आहे त्यांचा."

"म्हणून काय झालं? साताऱ्याहून मामंजी आले तर काय सांगू?"

"सरबत म्हणून सांग. इटलीचं."

अशी मी सरबत झाले आणि शोकेसमध्ये उभी राहिले. समोर पश्चिमेची खिडकी. दुपारी तीनपासून ऊन थेट माझ्या पोटात शिरे. पाहुणे आले की शोकेसमधला बल्ब लागे आणि श्यामसुंदर माझी मान धरून मला गोल फिरवत. "फॉरेनची आहे," ते अभिमानाने सांगत. बूच सुकत चालले होते. मला तोंड होते, पण ते बंद केलेले.

श्यामसुंदरांना प्रमोशन मिळाले, तेव्हा मला वाटले, आज. "नको, मोठा प्रसंग येऊ दे," ते म्हणाले. मुलगी झाली, प्राची. याहून मोठा प्रसंग कोणता असतो, मित्रांनो? पण तेव्हाही पेढेच वाटले गेले. मामंजी खरोखरच आले, तेव्हा तर मला महिनाभर गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे लपवले. खालून रोज पोळ्यांची आच. तिथे माझ्या आत काहीतरी बिघडले, ते मला कळले. सांगणार कोणाला?

१९९८ मध्ये मशीनच्या दुरुस्तीसाठी रेन्झो परत आला आणि एका संध्याकाळी जेवायला घरी आला. मला पाहताच तो सोफ्यावरून उठला. बराच वेळ तो माझ्यावरचे लेबल वाचत राहिला. मग म्हणाला, "बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. मळा विकला, तिथे हॉटेल होणार आहे. त्यांच्या शेवटच्या तोडणीची एकही बाटली माझ्याकडे उरली नाही."

श्यामसुंदरांचा चेहरा उजळला. "आम्ही जपून ठेवली आहे ना! आज उघडू या."

त्या क्षणी खाली पडून फुटावे असे मला वाटले.

बूच ओढताच त्याचा भुगा झाला. स्टीलच्या पेल्यात पडलेली वाइन विटकरी होती. रेन्झोने पेला नाकाशी नेला आणि हळूच खाली ठेवला.

"व्हिनेगरसारखा वास येतोय," जयमालाबाई स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाल्या.

"पाच वर्षं बुचालाही हात लावला नाही मी," श्यामसुंदर पुटपुटले.

"तेच चुकलं. लोणच्याची बरणीसुद्धा मी दर चार दिवसांनी हलवून बघते. ही कशी ठेवायची ते विचारायचं होतं ना त्यांना."

श्यामसुंदर पेला उचलून मोरीकडे निघाले. रेन्झोने त्यांचा हात धरला. "राहू द्या. बाबांच्या हातची आहे." त्याने तो पेला तोंडाला लावला आणि तोंड वाकडे होत असतानाही शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. श्यामसुंदरांनीही थोडी ओतून घेतली. मग जयमालाबाईंनी आतून तिसरा पेला आणला.

"मलाही द्या घोटभर," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, त्या तिघांचे मन चांगले होते. म्हणूनच माझा राग अजून जात नाही. वाईट माणसांवर रागावणे सोपे असते. न वापरणे म्हणजे जपणे नव्हे. कोणी विश्वासाने काही दिले, तर ते कसे राखायचे ते नीट ऐकून घ्या; ऐकू आले नाही, तर पुन्हा विचारा. आणि वेळेवर त्याचा आनंद घ्या. ओर्लांदोंनी मला मन लावून बनवले होते. मी चवीला कशी होते, हे आता कोणालाच कळणार नाही.