राखणदाराचा वाटा

श्रुतिकाने पत्र्याच्या फटीतून आधी नारळ आत सरकवला, मग पहार आणि शेवटी स्वतःला. तिच्या मागून धाकटा भाऊ सिद्धेश शिरला आणि त्याच्या शर्टाचा खांदा पत्र्याला अडकून टरकन फाटला. शर्ट चुलतभाऊ नितेशचा होता. नितेश अजून पलीकडेच होता म्हणून ओरडाआरडा टळला.

"एक वाजून दहा," श्रुतिका कुजबुजली. "कामगार जेवायला गेलेत. पाऊण तास आहे. कोणी आवाज करायचा नाही. शिंक आली तरी गिळायची."

"शिंक गिळतात कशी?" सिद्धेशने विचारलं.

"गप रे."

दिवसाढवळ्या चोरी करायची कल्पना तिचीच. रात्री इथे मोठाले दिवे लागतात आणि कुत्री मोकळी असतात. दुपारी मात्र फाटकावर एकटा वॉचमन खुर्चीत पेंगत असतो, हे तिने समोरच्या इमारतीतल्या त्यांच्या सध्याच्या घराच्या खिडकीतून आठवडाभर पाहून ठेवलं होतं. त्याच खिडकीशी आजोबांची खाट होती.

आत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. दिंडोशीच्या टेकडीखालची त्यांची बैठी चाळ गेल्या महिन्यात पाडून झाली होती. ती जन्मली ती खोली कुठली, हे तिला नळाच्या पाइपावरून ओळखावं लागलं. उभा होता तो मागचा उंबर आणि त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला राखणदाराचा दगड. उद्या सकाळी तेही जाणार होतं. आत जाऊ द्या म्हणून तिने बिल्डरच्या पवईच्या ऑफिसात दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा तिथल्या मुलीने गोड हसून नवा फॉर्म दिला. तेव्हा श्रुतिकाने टोळी जमवली.

आजोबांची गोष्ट घरातल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ होती. त्यांचा एक पूर्वज आंग्र्यांच्या आरमारात होता. एका लुटीतलं सोनं त्याने तांब्याच्या हंड्यात भरून गावात पुरलं आणि वर राखणदार बसवला. पिढ्या गेल्या, कोणी हात लावला नाही. पुढे धोंडू नावाच्या पोराला, म्हणजे खुद्द आजोबांना, मुंबईत गिरणीत काम लागलं, तर निघायच्या आदल्या रात्री राखणदार त्याच्या स्वप्नात आला. "एकटोच खंय चललंस? माकाय घेवन चल." धोंडूने हंडा गोधडीत गुंडाळला आणि बोटीने मुंबईला आणला. इथून गिरणी लांब होती, पण हंडा पुरायला मोकळी जागा इथेच मिळाली, म्हणून बिऱ्हाड इथे.

"उघडून नाय बघितलंत कधी?" पोरं विचारायची.

आजोबा दोन्ही हात कानाला लावायचे. "धन राखणदाराचा. तेच्या मनात आसला तर सोना, नसला तर माती."

आठ महिन्यांपूर्वी आजोबांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. चाळीत कोणाकडे बारसं असो, गणपती असो, देवाला गाऱ्हाणं घालायला धोंडूआजोबाच लागायचे. त्यांचा आवाज टेकडीवर ऐकू जाई. आता ते दिवसभर उंबराच्या शेंड्याकडे बघत पडून असत. झाड तुटणार हे कानावर आलं तेव्हापासून त्यांनी जेवणही टाकलं होतं. डावं बोट उचलून खिडकीकडे दाखवायचे, एवढंच.

नितेशला स्वतःचं वर्कशॉप टाकायचं होतं. सिद्धेशला बाइक हवी होती, आणि त्याने तिचा रंगही ठरवला होता. श्रुतिकाला आजोबांचा आवाज हवा होता, पण टोळीच्या प्रमुखाने असलं काही बोलून दाखवायचं नसतं. हंडा एकदा त्यांच्या हातात द्यायचा, मग बघू काय होतं ते, इतकीच तिची योजना होती.

नितेश साकीनाक्याला एका गाळ्यात कामाला होता. तिथे दुरुस्तीला आलेलं धातू शोधायचं यंत्र त्याने पिशवीत घालून आणलं होतं. त्याने ते दगडापुढच्या जमिनीवरून फिरवलं. तांब्याला तांबडा दिवा लागतो आणि सोन्याला पिवळा, हे तो येतानाच सांगत होता. आधी तांबडा लागला. मग, यंत्र किंचित पुढे नेताच, पिवळा.

तिघांनीही तो पाहिला. सिद्धेशने श्रुतिकाचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"झकास," नितेश म्हणाला. "घे पहार."

"आधी नारळ," श्रुतिका म्हणाली.

यावर कोणीच वाद घातला नाही. पत्रा वाकवून चोरून आत आलेली ही पोरं, पण राखणदाराला न विचारता माती उकरायची हिंमत एकातही नव्हती. सिद्धेशने चपला काढल्या, नारळ दगडापुढे ठेवला, जास्वंदीचं फूल वाहिलं आणि हात जोडले.

"हे बा देवा म्हाराजा..." तो म्हणाला, आणि अडला. पुढचं त्याला येत नव्हतं. त्याने नितेशकडे पाहिलं. नितेशने झाडाकडे पाहिलं.

"सरक," श्रुतिका म्हणाली.

"पोरी गाऱ्हाणं घालत नाहीत गं," नितेश पुटपुटला.

"मग तू घाल."

नितेश एक पाऊल मागे सरकला. श्रुतिकाने ओढणी डोक्यावर घेतली. लहानपणापासून आजोबांच्या मागे उभं राहून ऐकलेले शब्द तिच्या तोंडात आपसूक आले, अगदी त्यांच्याच चालीत, फक्त कुजबुजत. "हे बारा गावच्या देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत. तुका नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

दोघं पोटातून ओरडले. गाऱ्हाण्याला हळू आवाजात होय म्हणायची सवयच नव्हती त्यांना. उंबरावरचे कावळे उडाले.

तिकडे फाटकापाशी खुर्ची पडल्याचा आवाज झाला.

"कोण रे थंय?"

पळायचं म्हटलं तरी फट एकच, आणि त्यातून एका वेळी एकच माणूस जाणार. तिघं उभेच राहिले. काठी घेऊन वॉचमन धावत आला. साठीचा माणूस, खिशावर भाऊ परब असं नाव. त्याने पहार पाहिली, यंत्र पाहिलं. मग नारळ पाहिला, आणि त्याची काठी खाली आली.

"गाऱ्हाणा घालीत होतास?"

"हो काका," श्रुतिका म्हणाली. "आमचाच राखणदार आहे. उद्या तोडणार ना सगळं. आम्ही जातो."

"जाशात खंय?" परब खेकसले. "अर्धवट गाऱ्हाणा सोडून उठलात तर रातीक ह्यो माझ्या उशाक येऊन बसतलो. माझी ड्युटी आसा हंय. पुरा करा आधी!"

त्यांनी टोपी काढली, बूट काढले आणि तेही मागे हात जोडून उभे राहिले.

श्रुतिका पुन्हा वळली. आता हंड्याची परवानगी मागायची, एवढंच राहिलं होतं. तिने मान वर केली. उंबराच्या फांद्यांमधून समोरची इमारत दिसत होती, तिसऱ्या मजल्यावरची खिडकी, आणि खिडकीच्या गजांवर टेकलेलं एक बोट. ठरवलेले शब्द गेले आणि दुसरेच आले, तेही मोठ्याने.

"तुझ्या हंड्यात जा काय आसा, ता तुझ्याकडेच रवांदे. आमच्या आजोबांची वाचा तेवढी तेंका परत दी. काय चुकला माकला आसात, तर पदरात घे, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मागचे तिघंही एका सुरात म्हणाले. मग आपण कशाला होय म्हटलं हे नितेशच्या ध्यानात आलं आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"ताई," सिद्धेश रडकुंडीला येऊन म्हणाला, "काय बोललीस तू?"

उद्या मशीनखाली चेपण्यापेक्षा हंडा घरी गेलेला बरा, असं म्हणत पहार शेवटी परबांनीच चालवली. या पोरांना जमायचं नाही, हे त्यांनी दोन घावांत ओळखलं. हातभर खाली हंडा लागला. बसका, हिरवा पडलेला, झाकण लाखेने बंद केलेलं. नितेशने चाकूने लाख सोडवली आणि झाकण उचललं.

आत माती होती. गावची तांबडी माती, काठोकाठ भरलेली.

नितेशने यंत्र हंड्यावर धरलं. तांबडा दिवा. मातीत खुपसलं. तांबडाच. तळापर्यंत हात घातला, खड्डाही तपासला. मग तो फतकल मारून बसला. "मघाशी पिवळा लागला होता. तुम्ही पाहिला ना? पाहिला ना रे?"

"पाहिला," सिद्धेश म्हणाला.

"वाट लावलीस, श्रुतिका."

परब नारळ फोडत होते. एक वाटी त्यांनी दगडापुढे ठेवली, दुसरीतलं खोबरं सगळ्यांच्या हातावर दिलं. "तिका कित्याक बोलतस? तुमीच होय म्हटलास मा?" त्यांनी हंडा स्वतः उचलून दिला आणि या वेळी फाटक उघडलं. दगड आपण संध्याकाळी घेऊन जाऊ आणि आपल्या वस्तीतल्या पिंपळाखाली ठेवू, असंही ते म्हणाले.

घरी आजोबा जागेच होते. श्रुतिकाने हंडा खाटेवर, त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. त्यांनी झाकणावरून हात फिरवला आणि मग हात मातीत घातला, मनगटापर्यंत. मूठ नाकाशी नेली.

नितेश जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसला होता. त्याने थोडी माती कागदावर ओतून घेतली होती आणि तो ती बोटाने चाळत होता. सिद्धेश भिंतीकडे तोंड करून रुसला होता.

"आजोबा, गाऱ्हाणं मी घातलं," श्रुतिका म्हणाली. "रागावू नका. काही चुकलं असेल."

आजोबांनी डावं बोट उचललं. खिडकीकडे नाही, तिच्याकडे. ते बोट खाली येईना. घालून दाखव, असं ते म्हणत होते, हे तिला थोड्या वेळाने कळलं.

तिने ओढणी डोक्यावर घेतली. घरात भलतंच शांत होतं. अर्ध्यात तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "...काय चुकला माकला आसात, तर पदरात घे, रे म्हाराजा!"

या वेळी कोणी होय म्हटलं नाही. नितेश कागदावर वाकलेला होता, सिद्धेशला बोलायचंच नव्हतं. तिने डोळे मिटून घेतले.

"हो..." खाटेवरून आलं. घशात अडकलेलं, खरखरीत. "होय... म्हाराजा."

सिद्धेश गर्रकन वळला. आजोबांनी पुन्हा म्हटलं, आता जरा मोठ्याने, जणू मागचे म्हणत नाहीत म्हणून चिडून. "होय म्हाराजा!"

नितेशचं बोट मातीत थांबलं होतं. त्याने कागदाच्या चारही कडा सावरून उचलल्या, सगळी माती हंड्यात परत ओतली, लादीवर सांडलेली चिमूटही टिपून आत टाकली, आणि झाकण घट्ट बसवलं.