सोमवारचं मौन

“सोमवारी तिन्हीसांजेचा दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, कोणी कितीही डिवचलं तरी,” असं सासूबाई सांगून गेल्या होत्या. कुमुदिनीने ते मौन कधी मोडलं नव्हतं.

त्यामुळे अंबरनाथच्या क्लबातल्या अतिवास्तव चित्रांच्या प्रदर्शनात ती गप्प उभी होती. धाकट्या दिराचं, गुरुदत्तचं चित्र तिथे लागलं होतं. “वहिनी, बघून खरं काय वाटलं ते सांगाल ना?” असं त्याने आदल्या दिवशी विचारलं, तेव्हा तिने शब्द दिला होता.

चित्रात सासूबाईंचं लुगडं दांडीवर वाळत होतं आणि पदरातून दोन डोळे बघत होते. कुमुदिनीच्या अंगावर काटा आला. डोळे सासूबाईंचेच होते.

“आईचं भूत केलंस, निर्लज्जा!” तिचा नवरा विष्णुपंत भावावर ओरडला.

“भांग चढवून काढलंय का हो?” मागून कोणीतरी खिदळलं.

गुरुदत्त काकुळतीने म्हणाला, “वहिनी, तुम्ही तरी बोला.”

तिने पदर तोंडाशी धरला.

“बघ, तिलाही किळस आली,” विष्णुपंत म्हणाला. तिचं मौन त्याला पक्कं ठाऊक होतं. “माझा उंबरा पुन्हा चढू नकोस.”

संतापात गुरुदत्त वार विसरला. “कळलं, वहिनी. उद्या सकाळीच सुरतेला जातो. पुन्हा तोंड दाखवणार नाही.”

बदलापूरला परतल्यावर कुमुदिनीने देवापाशी दिवा लावला आणि चपला पायात घातल्या.

“कुठे निघालीस? गप्प घरात बस!”

“दिवसभर गप्पच होते,” ती हळू म्हणाली आणि हेंद्रेपाड्यातल्या गुरुदत्तच्या खोलीकडे चालू लागली.