दिवसेंदिवस पातळ

सिद्धरामच्या गालाचा कॅन्सर अठ्ठ्याण्णव साली काढला. मागून मशीनवर किरणांचा शेक दिला, तेव्हापासून तोंडाला थुंकी सुटेना. कोरडी भाकरी उतरायची नाही, म्हणून बायको रत्नव्वा ती दुधात कुस्करून द्यायची. शिरोलीच्या फौंड्रीतले सोबती डबा उघडताना चिडवायचे, "सिद्ध्याला अजून दात यायचेत!" तोही हसायचा. तंबाखूला मात्र त्यानं पुन्हा हात लावला नाही.

पाच वर्षं धड गेली की सुटलास, असं कुणीतरी सांगितलेलं. त्यानं तेच धरून ठेवलं. पाच वर्षं भरली की उचगावच्या घरी जंगमांना, लिंगायत स्वामींना, जेवू घालायचं, असं बोलून बसला. कार्तिकातला दिवस ठरला.

श्रावणात दुधातली भाकरीही अडू लागली. रत्नव्वानं दूध वाढवलं. भाद्रपदात भाकरी सोडून आंबील दिली. दसऱ्यापासून ती आंबील फडक्यानं गाळू लागली. ती काही बोलली नाही, त्यानंही विचारलं नाही. घोट परत आला की तो तोंड भिंतीकडं फिरवून पुसायचा. दसऱ्यानंतरच्या नेहमीच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी मान चाचपून विचारलं, "गिळायला त्रास?"

"हाय तसंच हाय की," तो म्हणाला. शेकापासून त्रास होताच, त्यामुळे ते ऐकून कुणालाच काही वाटलं नाही. रत्नव्वा शेजारीच बसली होती.

जंगम जेवून गेले. चौथ्या दिवशी सिद्धराम घेरी येऊन पडला.

घशातून दुर्बीण घातली, तुकडा तपासायला गेला. आठवड्यानं डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, अन्ननलिकेत गाठ आहे. पण गालाचा कॅन्सर परत आलेला नाही. हा वेगळा, नवा आहे."

"म्हंजे जुना बरा झाला की! चोख काम केलासा बाई."

त्या हसल्या नाहीत. "तंबाखूचा रस वर्षानुवर्षं त्याच वाटेनं गेलाय. एकदा झाला की त्या वाटेवर दुसरीकडेही होऊ शकतो. म्हणून तर दर खेपेला विचारत होते. खरं सांगा, कधीपासून अडतंय?"

"आठ-धा दिस झालं असतील."

रत्नव्वानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सांगितलं तर आपण बघत बसलो, हे आपल्याच तोंडानं कबूल करणं होतं.

"श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारपासनं," ती म्हणाली.

सिद्धराम गर्रकन वळला. "तुला ठावं हुतं?"

"आंबील कोण गाळत हुतं मग? शेजारीण? आन तुमाला न्हवतं व्हय ठावं?"

त्यानं नजर खाली वळवली. "वाटलं, जंगम जेवूस्तवर निभंल."

"मलाबी."

डॉक्टरबाईंनी कागदावर ऑगस्ट लिहिलं. मग मडक्यातलं पाणी पेल्यात ओतून त्याच्यासमोर धरलं. "एक घोट घ्या. बघू दे मला."

त्यानं घोट घेतला. मान ताणली, डोळे मिटले. पाणी नाकातोंडातून परत आलं. रत्नव्वा पदरानं त्याची हनुवटी पुसू लागली, तेव्हा या वेळी त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं नाही.